पाहुणा कंडक्टर चार दिवसांसाठी येतोय. त्याआधी किती बसवून ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात १९ जणांचा हौशी चेंबर ऑर्केस्ट्रा आहे: पहिली व्हायोलिन ५, दुसरी ५, व्हायोला ३, चेलो ३, एक डबल बास आणि दोन फ्लूट. आजवर लीडरबाई (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख) स्वतः वाजवता वाजवता मानेच्या इशाऱ्यावर सगळं चालवत आल्या. येत्या डिसेंबरात पहिल्यांदाच बाहेरचा कंडक्टर येणार आहे. हाताशी दिवस चार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार संध्याकाळी तालीम, रविवारी दुपारी रंगीत तालीम आणि संध्याकाळी कार्यक्रम. पाहुण्याने मोझार्टची २९वी सिम्फनी सुचवली आहे. प्रश्नकर्ते दुसऱ्या व्हायोलिनमध्ये वाजवतात. ते विचारतात, ‘तो यायच्या आत सगळं पक्कं बसवून ठेवावं, की त्याच्यासाठी मोकळं सोडावं? आणि लीडरबाई थोड्या नाराज दिसताहेत, त्याचं काय करावं?’

मी व्हायोला वाजवते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. आधी पुण्यात आणि मग मुंबईत मिळून पंचवीसेक वर्षं अशाच हौशी मंडळींत वाजवतेय, आणि त्यातली निम्मी वर्षं खुर्च्या, हॉल, झेरॉक्स हे सगळं माझ्याच गळ्यात आहे. या काळात आठ-नऊ पाहुणे कंडक्टर येऊन गेले. काहींनी आम्हाला चार दिवसांत ओळखू न येण्याइतकं बदललं. एक-दोघांच्या वेळी ते स्टेजवर होते म्हणून नव्हे, तर ते असूनही आम्ही शेवटपर्यंत एकत्र पोचलो.

तुम्ही ‘किती’ बसवायचं असं विचारलंय. मला वाटतं खरी अडचण किती यापेक्षा कशा प्रकारे बसवायचं, ही आहे. तुमचा ऑर्केस्ट्रा कानावर आणि एका माणसाच्या मानेवर चालतो. ही काही कमीपणाची गोष्ट नाही. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवायच वाजवतो. पण अशा मंडळींना कंडक्टरचा हात वाचायची सवय नसते. समोर माणूस येऊन उभा राहिला की अर्धे जण त्याच्याकडे बघतात, अर्धे जुन्या सवयीने लीडरकडे, आणि उरलेले कागदात डोकं घालून बसतात. अशा वेळी तुकडा जितका पक्का बसलेला, तितका त्रास जास्त, कारण तो तुमच्या लयीत पक्का झालेला असतो. पाहुणा वेगळी लय घेऊन येतो आणि पहिल्या तालमीचा सगळा वेळ जुनं विसरण्यात जातो. म्हणून आमच्याकडे मी सांगते, कणीक तिंबून ठेवा, पोळ्या लाटून ठेवू नका.

तिंबणं म्हणजे काय, ते पुढे सांगते. त्याआधी, माझं सगळंच तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पाहुणा स्वतः व्हायोलिन किंवा चेलो वाजवणारा असेल तर तो बोइंगमध्ये (बो म्हणजे गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली) हात घालणार, पियानो किंवा कोरसकडून आलेला असेल तर बहुधा ते लीडरवर सोडेल. तुमच्यात संगीताच्या परीक्षांची पाचवी-सहावी ग्रेड देणारी मुलं किती आणि वीस वर्षं वाजवणारे किती, यावरही पुष्कळ ठरतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हजेरी. डिसेंबरात लग्नं असतात, नाताळ असतो, आणि आपल्यातले जे बरं वाजवतात त्यांनाच दोन ठिकाणी बोलावणं असतं. चारही दिवस सगळे १९ जण येणार आहेत का, हे आत्ताच लेखी विचारून घ्या. ‘बघतो’ म्हणणाऱ्याला ‘नाही’मध्ये धरा.

आता सिम्फनीबद्दल. स्पष्टच लिहिते, नको. मोझार्टची २९वी, के. २०१ (‘के.’ म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), १७७४ सालची, ए मेजरमधली. तंतुवाद्यांखेरीज तिला दोन ओबो आणि दोन हॉर्न लागतात. तुमच्याकडे चारांपैकी एकही नाही. हॉर्नवाले लष्कराच्या किंवा नौदलाच्या बँडमधून मिळू शकतात, आम्ही मिळवले आहेत, पण त्यांच्या ड्यूट्या आपल्या हातात नसतात, आणि या सिम्फनीतले हॉर्नचे पार्ट चांगलेच उंच जातात. चार दिवसांसाठी आलेल्या वादकावर टाकावेत असे ते नाहीत. ओबोऐवजी क्लॅरिनेट घेऊ असं कोणीतरी सुचवेलच. आपल्याकडे बहुतेकांकडे बी-फ्लॅट क्लॅरिनेट असतो. ए मेजरमधला तुकडा त्यावर वाजवायचा तर वादकाला बी मेजरमध्ये, म्हणजे पाच शार्प असलेल्या अवघड पट्टीत वाजवावं लागतं. वाजवणारा हौशी असेल तर तो तुमचं तोंड परत बघणार नाही.

त्याऐवजी तुमच्याकडे जे आहे त्यातून कार्यक्रम काढा. मी असा लावला असता: मोझार्टचं डिव्हर्टिमेंटो के. १३६, त्यानंतर विवाल्डीचा दोन फ्लूटसाठीचा सी मेजर कॉन्चेर्टो, आरव्ही ५३३ (हा विवाल्डीच्या यादीतला क्रमांक), म्हणजे तुमचे दोन्ही फ्लूटवाले मागे बसून न राहता पुढे उभे राहतील. मध्यंतरानंतर एल्गारचं सेरेनेड फॉर स्ट्रिंग्ज आणि शेवटी होल्स्टचं सेंट पॉल्स स्वीट (स्वीट म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका). एकूण पाऊण तासाच्या आसपास संगीत होतं. हौशी मंडळींना आणि ज्यांचे नातेवाईक त्यांना ऐकायला आलेत अशा श्रोत्यांना तेवढं पुरे. विवाल्डीला हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्डचं वाद्य) हवा, पण डिजिटल पियानोवर तो आवाज निघतो. छोटा स्पीकर चेलोंच्या मागे ठेवा, समोर नको.

होल्स्ट मी मुद्दाम घेतलाय. लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तो १९०५ पासून १९३४ मध्ये वारेपर्यंत संगीत शिकवत होता आणि हा स्वीट त्याने तिथल्या मुलींसाठी १९१२-१३ मध्ये लिहिला. शिकणाऱ्या हातांसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक सेक्शनला काहीतरी चावायला मिळतं, पण दात पडत नाहीत. शिवाय हा माणूस ऋग्वेदातल्या ऋचांचं भाषांतर स्वतः करता यावं म्हणून संस्कृत शिकला होता, आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्याने छोटा ऑपेरा लिहिला. कार्यक्रमपत्रिकेत या दोन ओळी टाका, पुण्यातले श्रोते खूश होतील.

आणखी एक फायदा आहे. मोझार्ट, विवाल्डी, एल्गार, होल्स्ट, चौघांचेही स्वामित्वहक्क भारतात संपलेले आहेत, कारण आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि एल्गार, होल्स्ट दोघेही १९३४ मध्ये गेले. जुन्या आवृत्तीचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, छापून घेता येतात. तुमच्यातलं कोणीतरी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची सिंपल सिम्फनी सुचवणार, सगळीकडे सुचवतात. ब्रिटन १९७६ मध्ये गेला. ती घ्यायची तर पार्ट विकत आणि परवानगी रीतसर.

आता तिंबण्याकडे येते.

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंग लावून त्याबरोबर वाजवणं बंद करा. ऐका भरपूर, तेही तीन-चार वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांची. पण एकाच रेकॉर्डिंगबरोबर महिनाभर वाजवलं की त्या कंडक्टरचे श्वास तुमच्या हातात बसतात. कुठे तो किंचित रेंगाळतो, कुठे पुढे सरकतो, ते तुम्हाला तुकड्याचाच भाग वाटायला लागतं. मग समोरचा माणूस तिथे रेंगाळला नाही की ‘हा चुकला’ असं सगळ्या सेक्शनला एकदम वाटतं.

दुसरी, प्रत्येक तुकडा तीन लयींत वाजवा: जी आवडते ती, तिच्यापेक्षा ठळकपणे संथ, आणि तिच्यापेक्षा थोडी जलद. संथ लयीला लोक नाकं मुरडतात, पण खरी परीक्षा तिथेच होते. एल्गारचं लार्गेटो (मधला संथ भाग) संथ वाजवताना बो संपतो, आवाज पातळ होतो आणि सगळे आपोआप पुढे पळतात. पाहुण्याला ते संथ हवं असलं तर तुमच्याकडे बो पुरवून वापरायची सवय आधीपासून पाहिजे. जलद लयीत मर्यादा ओळखा. के. १३६ चं प्रेस्टो (शेवटचा जलद भाग) ज्या वेगाच्या पुढे पहिल्या व्हायोलिनचे सोळांश स्वर नुसती खरखर होतात, तो मेट्रोनोमचा आकडा लिहून ठेवा आणि पाहुण्याला कळवा. यात लाज नाही. हा आकडा आधी कळला तर तो शहाणा माणूस त्याच्या आत राहील. न कळवता त्याला तालमीत शोधायला लावलंत तर अर्धा तास जाईल आणि मुलांचा आत्मविश्वासही.

तिसरी, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, हात वाचायला शिका. पाहुणा येईपर्यंत थांबू नका. दर तालमीत दहा मिनिटं आपल्यातल्याच कोणालातरी पुढे उभं करा. चेलोवाल्या काकांना करा, बारा वर्षांच्या मुलीला करा. त्यांनी हात वाईट दिला तर उत्तमच, कारण तुमची नजर अनोळखी हाताला सरावते. आम्ही हे सुरू केलं तेव्हा आधी हसून मुरकुंडी वळली. तिसऱ्या आठवड्यात लोक खरोखर कागदातून डोकं वर काढायला लागले. बरेच जण हातात काठी घेऊन उभं राहिल्यावर पहिल्यांदाच ऐकू लागले की व्हायोला काय वाजवतात. (वाजवतात हो, आम्हीपण.)

हाताबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना चटकन कळेल अशी सांगते. नवशिका वादक हात खाली येण्याची वाट बघतो. खाली येणारा हात म्हणजे सम. पण सम कुठे पडणार हे ख्यालात मुखडाच सांगतो, सम पडल्यावर कळून उपयोग नसतो. कंडक्टरचा वर जाणारा हात म्हणजे मुखडा. त्यातच लय असते, जोर असतो, आणि आवाज मऊ हवा की टोकदार तेही असतं. त्या हाताबरोबर श्वास घ्या, अगदी नाकाने ऐकू येईल असा. एकोणीस जणांनी एकत्र श्वास घेतला की पहिला स्वर एकत्र पडतोच. काही कंडक्टर, विशेषतः मोठ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रांची सवय असलेले, आवाजाच्या किंचित आधी हात देतात. ऑर्केस्ट्रा त्यांच्या हातामागून वाजतो. हौशी मंडळी यात हमखास फसतात: हाताबरोबर वाजवायला जातात, मग लय पुढे पळत सुटते. पाहुण्याला पहिल्याच दिवशी सरळ सांगायचं, ‘आम्हाला हात आणि आवाज एकत्र लागतो.’ चांगला माणूस लगेच बदलतो.

चौथी, प्रत्येक हालचालीचे (मूव्हमेंटचे, म्हणजे तुकड्यातल्या एका भागाचे) पहिले चार बार (आवर्तनासारखे छोटे खंड), शेवटचे चार बार आणि जिथे जिथे लय बदलते ते दोन-दोन बार पाठ. बाकी कागदात बघून वाजवा, हरकत नाही. पण या जागी डोळे वर पाहिजेत. के. १३६ च्या प्रेस्टोची सुरुवात म्हणजे हळू आवाजातले तुटक स्वर आणि मध्ये शांतता. तिथे एकाचा जरी बो आधी पडला तर तो सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

होल्स्टमधली एक जागा वेगळी बसवावी लागेल. शेवटच्या हालचालीत ‘डार्गासन’ नावाची नाचाची धून ६/८ मध्ये चालू असते आणि तिच्यावर ‘ग्रीनस्लीव्हज’ची धून ३/४ मध्ये येते. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा मात्रांचा एकच ऐवज, एक जण तीन-तीन असा मोजतो आणि दुसरा दोन-दोन-दोन. दादऱ्याच्या सहा मात्रांवर दोन्ही टाळ्या देऊन बघा, एका हाताने दोन आणि दुसऱ्या हाताने तीन. घरी, भाजी शिजताना, लोकलमध्ये, कुठेही. हे अंगात आलं नाही तर कंडक्टर काहीही करून ते सावरू शकत नाही. तो त्या जागी बारच्या सुरुवातीला एक ठोका देणार आणि बाकी तुमच्यावर सोडणार. तसंच पहिल्या हालचालीत, जिगमध्ये, ६/८ आणि ९/८ आलटूनपालटून येतात. तिथे पेन्सिलीने प्रत्येक बारवर २ किंवा ३ असा आकडा लिहा.

पेन्सिलीवरून आठवलं. सगळ्या पार्टवर बार क्रमांक हाताने घाला आणि पाहुण्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आत्ताच विचारा. एका वर्षी आम्ही फुकट मिळालेले जुने पार्ट छापले आणि पाहुण्याच्या हातात नव्या आवृत्तीची स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र असलेली प्रत) होती. तो म्हणे ‘लेटर सी’ (तालमीत जागा सांगायला छापलेलं अक्षर), आमच्या कागदावर सी दुसऱ्याच पानावर. दोन जागी तर स्वरच वेगळे निघाले. पहिल्या तालमीची वीस मिनिटं यात गेली आणि ती चूक सर्वस्वी माझी होती, कारण झेरॉक्स मीच काढल्या होत्या. तेव्हापासून माझा नियम असा की पार्ट ज्या स्कोअरमधून निघाले तीच स्कोअर, लीडरचं बोइंग घातलेल्या पहिल्या पार्टसह, सहा आठवडे आधी पाहुण्याकडे गेली पाहिजे.

त्यासोबत एक रेकॉर्डिंग पाठवा. सगळ्यात चांगलं नको, एखाद्या सामान्य मंगळवारचं, मोबाईलवर केलेलं, ज्यात दोन जण आले नव्हते. लोक सुधारलेलं रेकॉर्डिंग पाठवतात, मग पाहुणा त्या हिशोबाने तालमी आखतो आणि गुरुवारी त्याचा चेहरा उतरतो.

आता लीडरबाई. या नाराजीला तुम्ही जेवढं महत्त्व देताय त्याहून जास्त द्या. इतकी वर्षं ज्यांनी सगळ्यांचे सूर लावून घेतले, बोइंग ठरवलं, न येणाऱ्यांना फोन केले, त्यांना चार दिवसांसाठी कोणीतरी येऊन पुढे उभं राहणार आणि पोस्टरवर त्याचा फोटो मोठा येणार, हे टोचणारच. समजूत काढून हे जात नाही, त्यांना खरं काम द्यावं लागतं. माझी सूचना: के. १३६ कंडक्टरशिवाय वाजवा, लीडरबाईंच्या मानेवर, जसं आजवर वाजवलंत तसं. मोझार्टने हा तुकडा १७७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिला. काठी घेऊन पुढे उभा राहणारा वेगळा माणूस तेव्हा अशा तुकड्याला नसेच, त्यामुळे यात कुणाला ओशाळं वाटायचं कारण नाही. कार्यक्रमाची सुरुवात तुम्ही जे आहात त्यापासून होते, पाहुणा दुसऱ्या तुकड्याला येतो, आणि त्याच्या तालमीवरचा पाव भार कमी होतो. आम्ही हे दोनदा केलंय. दोन्ही पाहुण्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. एक तर पहिल्या तुकड्याला विंगेत उभं राहून ऐकत होता आणि नंतर म्हणाला की ऑर्केस्ट्रा कसा श्वास घेतो ते त्याला तिथे कळलं.

बाकीच्या तुकड्यांतही लीडरचं काम संपत नाही. पाहुण्याची आणि त्यांची, दोघांचीच, अर्धा तास व्हिडिओ कॉलवर गाठ घालून द्या. त्यात कमिटीतल्या कोणीही बसू नये. बोइंग बदलायचं असलं तर पाहुण्याने लीडरला सांगायचं, लीडरने सेक्शनला. आणि सगळ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: कार्यक्रमात गोंधळ झाला, हात कळेनासा झाला, तर लीडरच्या बोकडे बघायचं. एका कार्यक्रमात एल्गारच्या लार्गेटोत आमची दुसरी व्हायोलिन एक बार पुढे गेली. पाहुणा गडबडला आणि दोन्ही हातांनी दोन वेगळ्या गोष्टी दाखवायला लागला. आमच्या लीडरने मान न वळवता फक्त व्हायोलिनचा स्क्रोल (मानेचं वळलेलं टोक) वर उचलून पुढच्या बारची पहिली मात्रा दाखवली, आणि तीन बारांत सगळे परत आले. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं तर कळतं, सभागृहात कोणाला कळलं नाही.

चार दिवसांचं वेळापत्रक पाहुणा ठरवेल, पण दोन गोष्टी त्याला सुचवा. गुरुवारी त्याचे तिन्ही तुकडे आधी न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा, कितीही वाईट वाजले तरी. त्याला जंगल दिसू द्या, झाडं शुक्रवारी. आणि शुक्रवारी पहिला तास दुसरी व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो-बास यांना द्या, पहिल्या व्हायोलिनला उशिरा बोलवा. हौशी ऑर्केस्ट्राचा आवाज बहुतेक वेळा मधल्या आवाजांत मोडतो, वरची धून तर सगळ्यांनाच पाठ असते. रविवारच्या रंगीत तालमीत पूर्ण ताकदीने वाजवू नका. बसणं, उठणं, फ्लूटवाल्यांचं पुढे येणं, कोण कुठून आत येतो, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात-शेवट, एवढं पुरे. दुपारी सगळं वाजवून दमलेले खांदे संध्याकाळी साथ देत नाहीत.

इथवरचं थोडक्यात: सिम्फनी सोडा, तंतुवाद्यं आणि फ्लूट यांत बसेल असा कार्यक्रम घ्या, पहिला तुकडा लीडरबाईंचा, बाकीचे स्वर आणि ताल घट्ट पण लय सैल ठेवून तयार करा, आणि हात वाचायची सवय आत्तापासून.

हॉलबद्दल भराभर, कारण प्रत्येक हॉलचं वेगळं असतं. आपली नाट्यगृहं बोलल्या जाणाऱ्या नाटकासाठी बांधलेली आहेत. विंगा आणि पडदे तंतुवाद्यांचा आवाज पिऊन टाकतात. शक्य तितकं पुढे, पडद्याच्या रेषेबाहेर बसा आणि मागे प्लायवूडचे फ्लॅट उभे करा, नाटकवाल्यांकडे असतात. साऊंडवाला प्रत्येकाला माईक लावायला येईल, त्याला चहा द्या आणि निवेदनापुरता एक माईक ठेवा. बुकिंग करताना फक्त ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणू नका. आमच्याकडे एकदा कारकुनाने किशोरकुमारची गाणी आहेत का असं विचारून त्या हिशोबाने ड्रमसेटची जागा राखून ठेवली होती. हात असलेल्या खुर्च्या चालत नाहीत, मांडववाल्याकडून बिनहाताच्या मागवा आणि आधी स्वतः बसून बघा. चेलोचा खालचा टेकवायचा खिळा गुळगुळीत फरशीवर घसरतो, तो अडवायचे पट्टे बरोबर ठेवा. पंखे बंद, तरीही प्रत्येक स्टँडवर कपड्यांचे दोन चिमटे. स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापतात आणि सूर उतरतो, म्हणून दिवे लागल्यावर दहा मिनिटं तिथे बसून मगच शेवटचं ट्यूनिंग करा. पुण्याच्या डिसेंबरात हवा कोरडी असते, खुंट्या सैल सुटतात. एखाद्या मुलाची ए तार ऐन वेळी पूर्ण उतरते, हे मी प्रत्येक हिवाळ्यात पाहिलंय.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मानधन, प्रवास, राहणं, जेवण आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे ईमेलवर लिहून घ्या. पाहुणा ओळखीचा असला तर जास्तच लिहून घ्या.

आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या व्हायोलिनमध्ये आहात म्हणून शेवटी एक. स्टँड एवढा खाली करा की कागदाच्या वरच्या कडेला लागूनच कंडक्टरचा हात दिसेल. मान न हलवता नुसती नजर उचलून तो दिसला पाहिजे. शेजारच्याबरोबर पान कोण उलटणार ते ठरवा, आतल्या बाजूला बसलेल्याने उलटायचं. होल्स्टची दुसरी हालचाल, ऑस्टिनाटो, सुरूच तुमच्या सेक्शनपासून होते आणि तो फिरत राहणारा छोटासा स्वरसमूह तुमच्याकडे असतो. त्यात सगळ्यांची लय तुमच्या पाच जणांच्या हातात आहे, पाहुण्याच्याही. तेवढा पूर्ण पाठ करून ठेवा.